पार्वो-कोरोना कॉम्बो टेस्ट किट (कुत्र्यांसाठी): घ्यावं का, आणि घेतलं तर त्यातून नक्की काय कळतं

कुत्र्याच्या शीवरून पार्वो (पिल्लांच्या जीवावर बेतणारा जुलाब-उलट्यांचा व्हायरस) आणि कोरोना एकाच वेळी तपासणाऱ्या रॅपिड किटबद्दल लिहितेय. आम्ही पुण्यात रस्त्यावर सापडलेल्या, आई नसलेल्या पिल्लांना फॉस्टर करतो, म्हणजे घरी ठेवून मोठं करायचं, लसी करायच्या आणि चांगलं घर बघून द्यायचं, त्यामुळे घरात कायम कुठलं ना कुठलं पिल्लू असतंच आणि पिल्लू म्हटलं की जुलाब आलेच. वेगवेगळ्या कंपन्यांची किट वापरून झालीत आणि सगळ्यांची रचना जवळपास सारखीच आहे, म्हणून एका कंपनीचा रिव्ह्यू न करता या प्रकाराबद्दलच लिहिते, कारण फॉस्टर ग्रुपवर आणि सोसायटीतल्या कुत्रेवाल्या लोकांत सगळ्यात जास्त गोंधळ यावरच असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. किट घ्या, पण त्यातल्या पार्वोच्या खिडकीसाठी (खिडकी म्हणजे पट्टीवर निकालाची रेघ दिसते ती जागा) घ्या. कोरोनाची खिडकी ही जास्तीची माहिती आहे, ती पॉझिटिव्ह आली म्हणून हादरून जाऊ नका आणि (हे जास्त महत्त्वाचं) "हं, कोरोना आहे, म्हणजे पार्वो नाही, सुटलो" असं तर अजिबात समजू नका.

कोरोना शब्द वाचून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी, हा कोविडवाला कोरोना नाही. हा कुत्र्यांच्या आतड्याचा व्हायरस आहे आणि आपल्या कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, १९७१ मध्ये जर्मनीत लष्करी कुत्र्यांत जुलाबाची साथ आली होती तेव्हा तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला. कोरोना कुटुंबातल्या अल्फा गटातला हा आणि कोविडचा बीटा गटातला. २०२० मध्ये लोकांनी निव्वळ भीतीने घरची पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडली, त्यातली काही आम्ही बघितलीत, ट्रॅफिकमध्ये कसं चालायचं हेसुद्धा ज्यांना माहीत नाही अशी, गळ्यात पट्टा तसाच. म्हणून किटवर 'कोरोना' लिहिलंय एवढ्यावरून शेजारी कुणी घाबरलं तर शांतपणे समजावून सांगा. कुत्र्यांच्या कोरोनाशी जवळचं नातं असलेला एक व्हायरस २०१८ मध्ये मलेशियात न्यूमोनिया झालेल्या माणसाच्या नमुन्यात सापडला होता आणि शास्त्रज्ञ त्यावर लक्ष ठेवून आहेत हे खरं, पण घरच्या पातळीवर त्याचा अर्थ एवढाच की पिल्लाची शी उचलल्यावर साबणाने हात धुवायचे, जे तसंही करायलाच हवं.

अजून एक गोंधळ. कुत्र्यांत श्वसनाचा कोरोनाही असतो, तो २००३ मध्ये इंग्लंडमध्ये एका श्वाननिवाऱ्यात सापडला, केनल कफमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यात, इतर जंतूंच्या जोडीला तो असतो. तो व्हायरस वेगळा. हे किट आतड्यातला कोरोना शोधतं. तुमचं कुत्रं घसा खाकरत असेल, कोरडं खोकत असेल तर त्याची शी तपासून हाताला काही लागणार नाही, पैसे वाया.

आता किट. पाकिटात एक प्लास्टिकची पट्टी, कापसाची काडी, बफर (शी घोळवायचं द्रावण) भरलेली छोटी ट्यूब आणि ड्रॉपर. पट्टीवर दोन खिडक्या, एक सीपीव्ही म्हणजे पार्वो, एक सीसीव्ही म्हणजे कोरोना, दोन्हीत सी (कंट्रोल, म्हणजे टेस्ट नीट चालली याची खूण) आणि टी (टेस्ट, म्हणजे निकाल). ताज्या शीमध्ये काडी फिरवायची, बफरमध्ये चांगली घोळवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी ड्रॉपरने दोन्ही खोलगट जागांत टाकायचं, किती थेंब ते पत्रकावर असतं, ते वाचा, अंदाजे टाकू नका. काडीवर शीचा गोळा घेतला तर पट्टी चोंदते आणि पाणी पुढे सरकतच नाही, काडीचं टोक माखलं एवढं पुरे. मग गुलाबी-जांभळट पाणी कापडाला ओल चढावी तसं पट्टीवर हळूहळू पुढे सरकतं आणि पाच ते दहा मिनिटांत रेघा उमटतात. सी ची रेघ नसेल तर टेस्ट फुकट गेली, परत करा. टी ची रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची. आणि पत्रकावर दिलेली वेळ उलटून गेल्यावर पट्टी बघायची नाही, अर्ध्या तासाने रेघ दिसली म्हणून रडायला लागलेले लोक माहीत आहेत मला, वाळलेल्या पट्टीवर काहीही दिसू शकतं.

वापरायला सोपं आहे याबद्दल पूर्ण मार्क. खरी अडचण रेघा वाचण्यात नाही, रेघांचा अर्थ लावण्यात आहे.

कोरोनाची रेघ आली म्हणजे शीमध्ये तो व्हायरस आहे. पण जुलाब त्याच्याचमुळे होतायत असं त्यावरून ठरत नाही. धडधाकट, खेळणाऱ्या कुत्र्यांच्या शीतही हा व्हायरस सापडतो, खासकरून जिथे खूप कुत्री एकत्र राहतात तिथे, आणि बरं झालेलं कुत्रंसुद्धा साधारण आठवडाभर आणि काही वेळा कितीतरी आठवडे, महिने तो शीतून बाहेर टाकत राहतं. म्हणजे पोटात जंत झालेत, कचऱ्यातलं काहीतरी खाल्लंय, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) झालाय आणि त्यात कोरोनाही आहे असं होऊ शकतं. म्हणून कोरोना पॉझिटिव्ह आला की डॉक्टर तरीही शीची मायक्रोस्कोपखाली तपासणी करायला सांगतात, तेव्हा "आता कशाला परत पैसे" असं करू नका, ती तपासणी किटपेक्षा स्वस्त असते आणि औषध असलेले आजार त्यातच सापडतात.

उलट बाजूने, रेघ नाही आली म्हणजे आजार नाही असंही नाही. व्हायरस कमी प्रमाणात असेल, अगदी सुरुवात असेल तर टेस्ट निगेटिव्ह येते. पार्वोच्या बाबतीत हे जीवावर बेततं. आमच्याकडे एकाच आईची तीन पिल्लं होती, भुरी, काळू आणि एक शेपटीला पांढरं टोक असलेली. भुरीला पातळ, पिवळट, घाण वासाचे जुलाब, एकदा उलटी, बाकी शेपूट हलवत होती. किट केलं तर कोरोनाची रेघ ठळक आणि पार्वो निगेटिव्ह. डॉक्टर मॅडमना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, "कोरोना निघाला म्हणून पार्वो नाही असं धरून चालू नका. घेऊन या, सीबीसी करू, आणि उद्या किट परत करू." सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. रक्तात पांढऱ्या पेशी घसरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या किटवर पार्वोची रेघ आली, तोपर्यंत भुरीला ॲडमिट करून सलाईन सुरू झालेलंच होतं, म्हणून ती वाचली. बाकीच्या दोघांनाही सुरुवातीलाच धरलं म्हणून तीही बचावली. सीबीसीचं एवढं महत्त्व का तर पार्वो आतड्याबरोबर हाडाच्या मगजावर, म्हणजे पेशी बनतात त्या कारखान्यावरच हल्ला करतो आणि पांढऱ्या पेशी झरकन उतरतात. नेहमीच्या कोरोनात असं होत नाही.

दोघांतला फरक डॉक्टरांनी सांगितला तो इथे सांगते कारण तो कळला की उपचारही कळतात. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांतून अन्न शोषलं जातं. कोरोना त्या बोटांच्या टोकांवरच्या पेशी खातो. पार्वो त्यांच्या बुडाशी जातो जिथे नव्या पेशी तयार होतात. टोकं गेली तर बुडातून काही दिवसांत परत भरून येतात, बुडच गेलं तर आतडं उघडं पडतं, रक्त जातं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. म्हणून एकट्या कोरोनाचं पिल्लू बहुतेक वेळा जेमतेम आठवड्यात सावरतं आणि मोठ्या कुत्र्याला तर कित्येकदा कळतही नाही की होऊन गेला. दोन्ही एकत्र आले तर मात्र फार वाईट. किटवर दोन्ही खिडक्यांत रेघ दिसली तर पट्टी हातात घेऊन विचार करत बसू नका, गाडी काढा.

लक्षणांवरून ओळखता येतं का हा प्रश्न मला सारखा येतो. अंदाज येतो, खात्री नाही. कोरोनात संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत अचानक पातळ शी, पिवळट-हिरवट किंवा नारिंगी झाक, कधी बुळबुळीत शेंबडासारखं, वास भयंकर, थोडी उलटी, जेवणावरची वासना गेलेली, ताप बहुतेक नसतो. रक्त क्वचित. पार्वोत उलट्या जास्त, पिल्लू पार गळून जातं, ताप, आणि मग जांभळट लाल रक्ताचे जुलाब. पण सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात आणि तेव्हाच तर निर्णय घ्यायचा असतो, म्हणूनच हे किट हवं. शिवाय कोरोना नेहमी सौम्यच असतो असंही लिहून ठेवू नका, २००५ मध्ये इटलीत पिल्लांच्या सगळ्या शरीरात पसरून जीव घेणारा एक प्रकार सापडला होता, आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये मोठ्या कुत्र्यांत एकाएकी उलट्यांची साथ आली, तिच्यातही कुत्र्यांच्या कोरोनाचाच एक प्रकार सापडला. त्यातली बहुतेक कुत्री बरी झाली.

उपचारांचं सांगायचं तर या कोरोनावर मारक असं औषध नाही. मांजरांच्या एफआयपीवरची (मांजरांचा कोरोनामुळेच होणारा एक जीवघेणा आजार) महागडी इंजेक्शनं कुणीतरी इथेही सुचवतं, ती या आजारासाठी नाहीत. उपचार म्हणजे पाणी, पाणी आणि पाणी. पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी गेलंय (अगदी मरतुकड्या पिल्लात ही खूण फसवते, म्हणून हिरड्याही बघा). हिरडी बोटाने दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या चिकट, कोरड्या, फिकट असतील तर घरी ओआरएस पाजत बसायची वेळ गेली, शिरेतून सलाईन लागणार. थोडंच पाणी गेलं असेल तर डॉक्टर कातडीखाली रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार) देतात, पाठीवर उंटाच्या वशिंडासारखा फुगवटा येतो आणि तो काही तासांत जिरतो, घाबरू नका. उलटी थांबवायला मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, वय आणि वजन बघून डॉक्टरच ठरवतील. जंताचं औषध झालेलं नसेल तर तेही.

अँटिबायोटिकवर थोडं बोलायचंय कारण इथेच सगळ्यात जास्त ओढाताण होते. मेडिकलवाल्याकडून मेट्रोनिडाझोल आणून स्वतःच चालू करणारे खूप आहेत. ते व्हायरसवर काहीही करत नाही, साधे जुलाब त्याच्याशिवायही बरे होतात, आणि आतड्यातले चांगले जंतू त्याने बिघडतात ते वेगळंच. पार्वो असेल, शीत रक्त असेल, पांढऱ्या पेशी घसरल्या असतील, ताप असेल तर अँटिबायोटिक लागतंच आणि तेव्हा डॉक्टर न मागता देतात. पण एखाद्या डॉक्टरने नुसता कोरोना आहे म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं नाही, तर "काही दिलंच नाही" म्हणून नाराज होऊन डॉक्टर बदलू नका, तो डॉक्टर चांगला आहे. आणि माणसांची जुलाब बंद करायची गोळी, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, यातलं काहीही पिल्लाला देऊ नका. वेदनेच्या गोळ्यांनी कुत्री दगावतात.

खाणं बंद करून उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता राहिली नाही. पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो, उपाशी ठेवलं तर ते थरथरतं, गळून पडतं. उलटी थांबली की चमचा-चमचा सुरू करायचं. मऊ भात आणि बिनतेलाचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, कांदा-लसूण अजिबात नाही, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. चिकन घरात चालत नसेल तर डॉक्टरांकडे पोटासाठीचं डबाबंद खाणं मिळतं. दूध-पोळी नको. अख्ख्या महाराष्ट्रात सापडलेल्या पिल्लाला पहिल्यांदा गाईचं दूध पाजतात आणि जुलाब आणखी वाढतात. क्लिनिकला नेताना पिल्लू अगदी ढेपाळलेलं असेल तर हिरडीला ग्लुकोजचं पाणी किंवा मधाचं बोट चोळा, तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल.

घरी थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमी गरमच लागतं, "अंग तापलंय" असं हाताने ठरवू नका. जास्त भीतीची गोष्ट ९९ च्या खाली जाणं आहे, पिल्लू गार पडायला लागलंय म्हणजे उशीर होतोय.

किटबरोबर लसीचाही प्रश्न येतो. नाइन-इन-वन नावाने ज्या लसी मिळतात त्यात कोरोनाही असतो, सेव्हन-इन-वनमध्ये सहसा नसतो, आणि लोक कोरोनासाठी म्हणून मुद्दाम महागातली मागतात. जगभरातल्या छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना वसावा, तिच्या लसीकरणाच्या मार्गदर्शनात कोरोनाची लस शिफारस केलेली नाही, कारण आजार बहुतेकदा सौम्य आणि तो होतो तोही लस सुरू व्हायच्या वयाआधी. डॉक्टरांकडे नाइन-इन-वनच असेल तर घ्यायला हरकत नाही, पण कोरोना नाही म्हणून सेव्हन-इन-वन पुढे ढकलू नका. पार्वो, डिस्टेंपर, हिपॅटायटिस हे हवेच, आपल्याकडच्या पावसाळ्यात लेप्टोही, आणि रेबीजची वेगळी. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस चालू राहायला हवेत, मधे सोडून द्यायचे नाहीत. हो, आणि पार्वोची लस नुकतीच दिली असेल तर पुढचे काही दिवस किटवर पार्वोची फिकट रेघ येऊ शकते, डॉक्टरांना लसीची तारीख सांगा.

साफसफाईत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोरोना साबणाने, डिटर्जंटनेही मरतो. पार्वो जमिनीत, पायपुसण्यात महिनोन्महिने टिकतो आणि फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. आधी शी पूर्ण काढून फरशी धुवायची, मग ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग करून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ब्लीच आणि ॲसिड किंवा फिनेल एकत्र करू नका. निकाल काहीही येवो, मी ब्लीचनेच करते.

घेताना एक्स्पायरी बघा आणि ऑनलाइन घेत असाल तर उन्हाळ्यात सांभाळून, किट २ ते ३० डिग्रीत ठेवायचं असतं आणि एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात कुरिअरच्या गाडीत ते किती तापत असेल विचार करा. फ्रिजमधलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. किंमत एकट्या पार्वोच्या किटपेक्षा जास्त आहे, आणि स्वस्त तर नाहीच, एका किटच्या पैशांत रिंगर लॅक्टेटच्या बऱ्याच बाटल्या येतात. त्यामुळे घरी एकच मोठं, लसी पूर्ण झालेलं कुत्रं असेल तर तुम्ही हे घरात ठेवू नका, गरज पडली तर क्लिनिकमध्ये करून मिळतं. फॉस्टर असाल, निवारा चालवत असाल, एका वेळी सहा-सात पिल्लं असतील तर ठेवा, पण पैशांची तंगी असेल तर एकट्या पार्वोचं किट घ्या आणि उरलेले पैसे सलाईनला ठेवा. निवाऱ्यात नवीन पिल्लू वेगळं ठेवायचं की नाही हे ठरवायला कोरोनाची रेघ उपयोगी पडते, तेवढ्यासाठी मी कॉम्बो घेते. बरं झाल्यावर "गेला का बघू" म्हणून परत किट करत बसू नका, व्हायरस बरेच दिवस निघत राहतो, पिल्लू खातंय-खेळतंय आणि शी बांधून होतेय हेच बघायचं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो कोरोनाच्या रेघेचा अर्थ पत्रकावर धड समजावलेला नसतो म्हणून, आणि एक कापला सुरुवातीच्या निगेटिव्हसाठी. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल, शीत रक्त असेल, पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर किट ऑर्डर करून डिलिव्हरीची वाट बघू नका, आधी डॉक्टर. पुण्या-साताऱ्याकडच्यांना शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, मुंबईत परळचं. रात्री चालू असणाऱ्या क्लिनिकचा नंबर आजच शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.